पाचवी, बारसं आणि बाळाची वही

(मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही सहा महिने जर्मनीत राहून आलो, तेव्हा तिथल्या गमतीजमती सांगा, असं कार्यवाहांनी आम्हाला सुचवलं. किल्ले, बर्फ, आगगाड्या हे सगळं पाहिलं, पण त्याचे फोटो हल्ली सगळ्यांच्याच मोबाईलवर असतात. आज बोलायचं आहे ते एका पिवळ्या वहीबद्दल. त्या वहीमुळे आम्हाला आपल्याच घरातली एक चूक उमगली. ती सांगायला जड जातं. तरी आज समोर इतक्या लेकी-सुना बसल्या आहेत, म्हणून सांगतो.

आम्हाला दोन नातवंडं. थोरला नातू भालकीचा, मुलाचा मुलगा. धाकटी नात जर्मनीतली, लेकीची. नात जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी एक नर्सबाई हातात छोटं यंत्र घेऊन खोलीत आल्या. झोपलेल्या बाळाच्या कानात त्यांनी मऊ बोंडूक ठेवलं, दोन-चार मिनिटं थांबल्या, दुसऱ्या कानाचंही तसंच केलं आणि वहीत खूण केली. लेक म्हणाली, "आई, ऐकू येतंय का ते बघतात. इथे प्रत्येक बाळाचं बघतात." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या नातवाला ऐकू येत नाही, हे आम्हाला कळायला सव्वातीन वर्षं लागली होती.

तो चार-पाच महिन्यांचा असताना दार आपटलं तरी दचकत नव्हता. आम्ही कौतुकाने म्हणायचो, "शांत आहे हो पोरगं, झोप गाढ आहे." वर्ष उलटलं तरी शब्द नाही. तेव्हा म्हणालो, "ह्याचा बापही उशिराच बोलला." दोन वर्षांचा झाला, तेव्हा देवाला नवस बोललो आणि वाचेसाठी वेखंड उगाळून लावलं. सगळं केलं, फक्त कान तपासले नाहीत. शेवटी अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं, तेव्हा एका डॉक्टरांनी मुलाच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली. मूल वळलं नाही. पुढे बेरा चाचणी, श्रवणयंत्र, मग कानाची शस्त्रक्रिया, आणि अजूनही वाचेचे वर्ग चालू आहेत. पोरगं हुशार आहे, शाळेत जातं, पण एकेका शब्दासाठी झगडतं. भाषा शिकायला मेंदू सगळ्यात तयार असतो तो पहिल्या तीन वर्षांत, आणि त्याची ती तीन वर्षं आम्ही 'बोलेल हळूहळू' म्हणण्यात घालवली.

तर ही पिवळी वही काय आहे, ते आधी सांगतो. जर्मनीत १९७१ पासून लहान मुलांच्या ठरावीक तपासण्यांची पद्धत आहे. मूल जन्मलं की आईच्या हाती ही वही येते. जन्मल्या जन्मल्या पहिली तपासणी, तिसऱ्या ते दहाव्या दिवसांत दुसरी, चौथ्या-पाचव्या आठवड्यात तिसरी, मग तीन-चार महिने, सहा-सात महिने, वर्षाच्या आसपास, दोन वर्षं, तीन वर्षं, चार वर्षं आणि पाच वर्षं, अशा दहा तपासण्या. खर्च आरोग्य विम्यातून होतो. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान तपासायचे, हा नियम तिथे २००९ पासून आला. म्हणजे त्यांच्याकडेही हे फार जुनं नाही. महिन्याच्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी होते, कारण खुब्याचा सांधा सरकलेला असेल तर तेव्हा साध्या पट्ट्याने बसतो आणि मूल चालायला लागल्यावर कळलं तर शस्त्रक्रिया करावी लागते. तारीख चुकली तर अनेक ठिकाणी घरी पत्र येतं. काही राज्यांत तर या तपासण्या आईबापांवर कायद्याने बंधनकारक आहेत.

तिथून आल्यावर आम्हाला नादच लागला. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. आम्ही फोन करून विचारत सुटलो, आणि काही वाचूनही काढलं.

आमचा पुतण्या लंडनजवळ असतो. तिकडे वहीचा रंग लाल, आणि तिला 'रेड बुक'च म्हणतात. बाळाची पहिली पूर्ण तपासणी ७२ तासांच्या आत होते. पाचव्या दिवसाच्या सुमारास टाचेतून रक्ताचे चार थेंब कागदावर घेतात. दहाव्या ते चौदाव्या दिवसांत 'हेल्थ व्हिजिटर' म्हणजे आरोग्यसेविका घरी येते. सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टर बघतात. मग वर्षाच्या आसपास आणि दोन-अडीच वर्षांनी पुन्हा भेट.

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वेळापत्रक घालून दिलं आहे. जन्मानंतर तीन-पाच दिवसांत, मग एक, दोन, चार, सहा, नऊ, बारा, पंधरा, अठरा, चोवीस, तीस महिने, आणि तीन वर्षांनंतर दरवर्षी. नऊ, अठरा आणि तीस महिन्यांना मुलाच्या वाढीची आणि वागण्याची ठरलेली प्रश्नावली आईबापांकडून भरून घेतात. अठरा आणि चोवीस महिन्यांना स्वमग्नतेची चाचणीही असते. पण घरी येणारं कुणी नाही. बाळाला घेऊन आपणच जायचं, आणि विम्याचं कार्ड आधी दाखवायचं.

फिनलंडची गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. तिथे माता-बाल केंद्राला 'नेउवोला' म्हणतात. पहिलं केंद्र १९२२ मध्ये हेलसिंकीत आर्वो इल्प्यो या डॉक्टरांच्या पुढाकाराने निघालं, आणि १९४४ च्या कायद्याने प्रत्येक गावपालिकेला असं केंद्र चालवणं भाग पडलं. पहिल्याच वर्षात बाळाच्या किमान नऊ तपासण्या होतात. सरकारकडून बाळंतविडा मिळतो, कपडे आणि दुलईने भरलेलं एक खोकं. हे खोकं १९३८ पासून गरीब आयांना मिळत होतं, १९४९ पासून सगळ्यांना मिळू लागलं. अट एकच, आईने गरोदरपणाच्या पहिल्या चार महिन्यांत तपासणी करून घ्यायची. फिनलंड तेव्हा श्रीमंत देश नव्हता, युद्धात पोळलेला होता. म्हणजे पैसे आल्यावर त्यांनी हे केलं असं नाही.

जपानचंही तसंच. युद्धात सगळं बेचिराख झाल्यावर, १९४८ मध्ये, त्यांनी आई आणि मूल दोघांची मिळून एक पुस्तिका काढली. गरोदरपणापासून मूल शाळेत जाईपर्यंतचं सगळं तिच्यात लिहिलेलं, आणि ती पुस्तिका आईच्या ताब्यात. दवाखाना बदलला, गाव बदललं, तरी पुस्तिका मुलाबरोबर जाते. परक्या देशातून आलेल्या आयांसाठी ती त्यांच्या भाषेतही मिळते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता कुणी म्हणेल, ते देश वेगळे, आपण वेगळे. आम्हालाही तसंच वाटायचं. म्हणून आपल्याकडे कागदावर काय आहे ते बघितलं, आणि खरं सांगतो, चकित झालो.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं. या सहा भेटी झाल्या. पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना अशा आणखी पाच. सव्वा वर्षात अकरा वेळा आरोग्याचं माणूस आपल्या उंबऱ्यावर! इंग्लंडमध्येही इतक्या वेळा कुणी घरी येत नाही. आणि ही कल्पना बाहेरून आलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायका तयार केल्या. बाळाचं वजन, श्वास, ताप त्या घरी जाऊन बघत. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आलं. त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांकडून मुलांची वजनं घेण्याचं काम करून दाखवलंच होतं.

दुसरं म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. हा २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातल्या पालघरहून झाली. जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, बालपणीचे इतर आजार आणि वाढीतला विलंब, या चार गोष्टींसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासायची. डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. काही सापडलं तर जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात आणि उपचार मोफत होतात. आमच्या नातवाला ज्या डॉक्टरांनी टाळी वाजवून ओळखलं, ते याच पथकातले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

मग एवढं सगळं असताना आमचा नातू तीन वर्षं कुणाच्याच नजरेत कसा आला नाही?

आमची सूनबाई उदगीरची. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी झालं. म्हणजे जन्म महाराष्ट्रात. तिकडच्या आशाताई दोन-तीनदा येऊन गेल्या, कार्ड तिकडचं. तिसऱ्या महिन्यात बाळ-बाळंतीण भालकीला आली. इथे गरोदरपणात काढलेलं तायी कार्ड होतं, पण त्याच्यात बाळाची पानं कोरी. इकडच्या ताई म्हणाल्या, "बाळाची नोंद तिकडे आहे." तिकडच्या म्हणाल्या, "बाळ आता कर्नाटकात गेलं." लसी तेवढ्या आम्ही खासगी दवाखान्यात नियमाने टोचून घेतल्या. तिथे सुई टोचली, वजन घेतलं, पुढची तारीख दिली. कानाचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तीन वर्षांच्या आत मूल अंगणवाडीत बसत नाही, त्यामुळे पथक आलं तरी हा घरी. दोष कुणा एकाचा नाही, म्हणूनच तो कुणाला दिसला नाही.

मंडळी, ही एकट्या आमची गोष्ट नाही. औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण, आळंद, आपल्या या सगळ्या पट्ट्याची सोयरीक देगलूर, उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोटशी. १९५६ पर्यंत यातला बराचसा मुलूख हैदराबाद राज्यात एकत्रच होता. राज्यांची रेघ नंतर पडली. लग्नाची वरात, डोहाळजेवण, बाळंतपण या रेघेवरून रोज ये-जा करतात. बाळाची नोंद मात्र रेघेवर अडते. शिवाय हातावर पोट असलेली माणसं पुण्या-मुंबईला, हैदराबादला कामाला जातात, ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं तर दर सहा महिन्यांनी नोंदीतून गळतात.

आणि भाषेचं. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. कार्ड कन्नडमध्ये असतं. आपली मुलं इथे कन्नड शिकतात, शिकलीच पाहिजेत. पण सीमेपलीकडून आलेल्या सुनेला ते वाचता येत नाही. सहाव्या महिन्यात मूल आवाजाकडे वळतं का, वर्षाला एखादा शब्द बोलतं का, हे बघा, असं कार्डावर छापलेलं असलं तरी आमच्या सुनेला ते रांगोळीसारखं दिसत होतं. आम्हाला कन्नड येतं. आम्हीच तिला वाचून दाखवायला हवं होतं. ते कार्ड आम्ही रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं, एकदाही उघडलं नाही.

आणखी एक बोलतो, राग मानू नका. आमची सूनबाई मुलाच्या मामाचीच मुलगी. हे लग्न आम्हीच हौसेने जमवलं. आपल्या भागात ही नाती सर्रास होतात. रक्ताच्या नात्यातल्या लग्नात जन्मजात बहिरेपणासारख्या काही दोषांची शक्यता वाढते, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्रत्येक घरात होईलच असं नाही, आणि आमच्याकडे तेच कारण होतं की नाही, तेही ठामपणे सांगता येत नाही. झालेली लग्नं झाली. पण अशा घरात बाळ आलं की कान पहिल्या महिन्यातच तपासायचे, एवढं तरी आपण करू शकतो. जगभरात हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळं कानाचा दोष घेऊन जन्मतात. डॉक्टरांचं सूत्र सोपं आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

टाचेच्या रक्ताचंही असंच. त्यातून थायरॉईडची जन्मजात कमतरता कळते. भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला ती असते. बाळ दिसायला चांगलं असतं, थोडं सुस्त असतं इतकंच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळलं तर रोजच्या एका स्वस्त गोळीवर मूल इतरांसारखं वाढतं. कळलं नाही तर बुद्धी कायमची मंद राहते. गोव्याने ही चाचणी सरकारी खर्चाने सुरू केली, केरळनेही केली. आपल्याकडे अजून ती मागून घ्यावी लागते. तर मागून घ्या.

वजन-उंचीच्या बाबतीत आपण एक वाक्य नेहमी म्हणतो, "आमच्या घराण्याची अंगकाठीच बारीक." जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, आईचं दूध नीट मिळालेली आणि चांगल्या परिस्थितीतली मुलं वर्षानुवर्षं मोजली आणि २००६ मध्ये वाढीचे तक्ते काढले. आपल्याकडून दिल्लीची मुलं होती. पहिल्या पाच वर्षांत सहाही देशांतली मुलं जवळजवळ सारखीच वाढली! म्हणजे लहान वयात अंगकाठी घराण्याची नसते, ताटातली आणि आजारपणातली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली आणि महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानाने ठेंगणी निघाली, आणि शंभरातल्या पासष्टहून अधिक मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. रेघेच्या दोन्ही बाजूंना तेच. आपला कल्याण कर्नाटक तर राज्याच्या सरासरीच्याही मागे आहे. कलबुर्गीची तूरडाळ सगळा देश खातो, आणि आपल्या पोरांच्या वाटीत वरचं पाणी!

आता परदेशाचे फार गोडवे गायले असं वाटायला नको. आमची लेक तिथे एकटी होती. तपासणीला वेळेवर जायची, पण रात्री बाळ रडलं तर बघायला शेजारीण नाही. आपल्याकडे आजी रोज मांडीवर पाय सोडून बाळाला तेल चोळते. हात-पाय सारखे हलतात का, टाळू खोल गेली का, अंग गरम आहे का, हे सगळं तिच्या हाताला कळतं. बाळाला कडेवर पाय फाकवून घेण्याची आपली रीत खुब्यासाठी उत्तमच. पाय ओढून सरळ करून घट्ट गुंडाळायची सवय तेवढी सोडायला हवी.

आणि आपल्या वाडवडिलांनी बाळाकडे बघायच्या तारखा कधीच ठरवून ठेवल्या आहेत की! पाचव्या दिवशी पाचवी पुजतो, सटवाई नशीब लिहिते म्हणतो. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टाचेचं रक्त घेतात. बाराव्या दिवशी बारसं, तेव्हा तिकडे आरोग्यसेविका दारात असते. सव्वा महिन्याने बाळंतीण बाहेर पडते, त्या सुमारास सहा आठवड्यांची लस. सहाव्या महिन्यात उष्टावण, तोच वरचं अन्न सुरू करायचा महिना. मग जावळ, मग पहिला वाढदिवस. तारखा आपल्या अंगवळणी आहेत. फक्त प्रत्येक तारखेला एक काम जोडायचं.

म्हणून आमची मंडळाला विनंती आहे. आपण एक साधी वही छापू, एका पानावर मराठी, समोर कन्नड. मंडळातल्या कुठल्याही घरात बारसं असेल तर खुळखुळ्याबरोबर ही वही द्यायची. पाचवीपर्यंत टाचेचं रक्त आणि बाराव्यापर्यंत कान तपासले का, ते लिहायचं. राहिले असतील तर सव्वा महिन्याच्या आत. उष्टावणाला वजन, उंची, बाळ आवाजाकडे वळतं का, आणि लोहाचं औषध सुरू झालं का. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. वाढदिवसाला पहिला शब्द आला का. जावळाला, शाळेच्या पहिल्या दिवशी, असं पाच वर्षांपर्यंत. ही वही तायी कार्डाच्या जागी नाही, तिच्या जोडीला. सून माहेरी निघाली की साडीच्या घडीत वही घालायची, आणि बाळ कुठल्याही राज्यात असो, तिथल्या आशाताईंपुढे उघडून धरायची. मूल आपलं आहे, तर त्याची नोंदही आपल्याच हातात हवी.

छपाईचा खर्च आम्ही उचलू. आमच्या नातवाच्या नावाने.

परवा तो घरच्या गणपतीपुढे आरतीला उभा होता. कानामागचं यंत्र चमकत होतं. त्याने आम्हाला विचारलं, अडखळत, पण विचारलं, "आज्जी, बाप्पाचे कान एवढे मोठे का?" आम्ही सांगितलं, "सगळ्यांचं ऐकायला, बाळा." तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग त्याला माझ्यासारखं मशीन नको."

आम्ही दोघांनी ते वाक्य स्पष्ट ऐकलं. तुमच्या घरातल्या बाळांनी अशी वाक्यं वेळेवर बोलावीत, एवढ्यासाठीच हे सगळं.

गणपती बाप्पा मोरया!